उचकीसकट पियानो

मागच्या पावसाळ्यात एका प्रायोगिक नाटकाचं ध्वनिसंयोजन माझ्याकडे आलं. नाटकातला म्हातारा रोज रात्री एकच रेकॉर्ड लावून बसतो: जर्मन संगीतकार बाखच्या इन्व्हेन्शन्स आणि सिन्फोनिया या छोट्या रचना, पियानोवर कॅनडाचा ग्लेन गूल्ड. दिग्दर्शिका माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, "मला तोच पियानो हवाय गं. पण तो नटाच्या वाक्याला थांबला पाहिजे आणि पुन्हा त्याच सुरावरून उचलला पाहिजे." रेकॉर्ड लावून हे जमणार नव्हतं. शिवाय बाख सगळ्यांचा असला तरी गूल्डचं ध्वनिमुद्रण सगळ्यांचं नाही, आणि त्याचे हक्क घेणं आमच्या बजेटच्या पार बाहेरचं होतं. मग एकच वाट उरली. वाजवायचं मी, आणि कॉम्प्युटरमधल्या पियानोला गूल्डच्या पियानोसारखं बोलतं करायचं.

मी आठवडा धरला होता. अडीच महिने लागले.

गूल्डचा पियानो म्हणजे नेमका कुठला, इथूनच सुरुवात करावी लागली. १९५५ साली त्यानं बाखच्याच गोल्डबर्ग व्हेरिएशन्स न्यूयॉर्कला वाजवल्या तो पियानो वेगळा, आणि १९८१ मध्ये त्याच व्हेरिएशन्स पुन्हा वाजवल्या तो तर यामाहा. पण इन्व्हेन्शन्सची रेकॉर्ड १९६४ ची, आणि तिच्यावर आहे स्टाइनवे कंपनीचा सीडी ३१८ क्रमांकाचा पियानो. गूल्डचा सगळ्यात लाडका पियानो. त्याला तो १९६० मध्ये टोरांटोच्या ईटन ऑडिटोरियममध्ये सापडला. व्हर्न एडक्विस्ट नावाचा ट्यूनर वर्षानुवर्षं त्याची निगा राखत असे. एडक्विस्टला जवळजवळ दिसत नव्हतं, सगळं काम कानावर आणि बोटांवर. गूल्डला टच अगदी हलका हवा होता, दाबल्याबरोबर उत्तर देणारा, हार्पसिकॉर्ड या जुन्या वाद्याच्या जवळ जाणारा. तो मिळवण्यासाठी पियानोच्या ॲक्शनवर, म्हणजे पट्टीपासून तारेपर्यंतच्या यंत्रणेवर, इतके प्रयोग झाले की मधल्या सप्तकात एक दोष शिरला. संथ जागी एखादा सूर हळूच दोनदा लागतो. गूल्डनं रेकॉर्डच्या वेष्टनावर हे स्वतःच लिहून टाकलं आणि त्याला 'उचकी' म्हटलं. दुरुस्तीसाठी थांबायची त्याची तयारी नव्हती.

ही उचकी माझ्या डोक्यात बसली. ती नसेल तर तो पियानो नाही, असं मी पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं.

सुरुवात मात्र चुकीच्या टोकानं केली. एक महागडी सॅम्पल लायब्ररी विकत घेतली. खऱ्या मोठ्या स्टाइनवेचा एकेक सूर वेगवेगळ्या जोरानं वाजवून टिपलेला, सगळं मिळून कितीतरी जीबी. आवाज देखणा. पण सी मेजर इन्व्हेन्शन वाजवली आणि वाटलं, एखाद्या हॉटेलच्या लॉबीत बसलेय. मग गूल्डच्या रेकॉर्डचा आणि माझ्या मुद्रणाचा स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनांचा आलेख, एकावर एक ठेवला, इक्वलायझरनं खालची खोली कापली, वरची धार वाढवली. तीन रात्रींत दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. डोळ्यांना सारख्या दिसत होत्या आणि कानाला अजिबात सारख्या नव्हत्या. असं का, ते मला सांगताच येईना.

सांगितलं एका ट्यूनर अंकलनी. तालमी दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. तिथला जुना उभा पियानो जुलैत दरवर्षी फुगतो, पट्ट्या एकमेकींना घासून अडकतात. अंकल वसईहून येऊन पट्ट्या मोकळ्या करतात आणि ओल धरू नये म्हणून आत एक बल्ब लावून ठेवतात. त्या दिवशी त्यांनी पुढची फळी काढली होती. मी माझं दुखणं सांगितलं, मोबाइलवर दोन्ही मुद्रणं ऐकवली. त्यांनी काही न बोलता मला जवळ बोलावलं आणि एक पट्टी हळूहळू दाबली. हॅमर तारेकडे गेला, ठोका मारून मागे फिरला आणि परतलेला हॅमर धरणाऱ्या बॅकचेकवर अडकून थांबला. तारेवरचा डॅम्पर अजून लांबच होता. मग त्यांनी बोट उचललं. डॅम्परचं फेल्ट तारेवर येऊन टेकलं आणि सूर आत ओढल्यासारखा मिटला. "बाळ, तू लागणारा सूर ऐकतेस," ते म्हणाले, "आता मिटणारा ऐक."

घरी आले आणि गूल्डची रेकॉर्ड निम्म्या वेगानं लावली. मग सगळं दिसायला लागलं. त्याच्या दोन सुरांत एक फट असते. प्रत्येक वेळी, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या मापाची. उजवा हात जोडून गातोय आणि त्याच क्षणी डावा हात एकेक मणी सुटा ठेवतोय, असं कितीतरी ठिकाणी. सूर लांबवणारं सस्टेन पेडल जवळजवळ नाहीच, त्यामुळे मागे आस रेंगाळत नाही. म्हणजे मी ज्याला 'त्याच्या पियानोचा आवाज' म्हणत होते त्यातला मोठा हिस्सा सूर कुठे संपतो याचा होता. इक्वलायझरला त्यातलं काही कळणं शक्यच नव्हतं.

इथे मला माझ्या आजोबांचा फार उपयोग झाला. ते गिरगावात भजनाला पेटी वाजवायचे, मी त्यांच्याकडेच बसून शिकले. पेटीला पेडल नाही, आस नाही. भाता चालू आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर सूर चालू, बोट उचललं की संपला. बोट उशिरा उचललं तर दोन सूर एकमेकांत सांडतात. आजोबा माझ्या मनगटाला हात न लावता नुसतं म्हणायचे, "उचल." पियानोच्या क्लासमध्ये पुढे मी बरोबर उलटं शिकले, सगळं जोडून, पेडलवर तरंगत. आता पुन्हा पेटीचा हात काढला. तीन आठवडे इन्व्हेन्शन्स आधी आजोबांच्या पेटीवर वाजवल्या आणि मग कीबोर्डवर. बाख पेटीवर किती स्वच्छ उभा राहतो, हे एकदा कुणीतरी मैफलीत करून दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

सॅम्पल लायब्ररी सोडून दिली. तिच्यात सूर मिटतो तो ज्या पियानोवर टिपला त्याच्यासारखाच, त्यात मला फारसा हात घालता येईना. त्याऐवजी पियानोटेक नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात टिपलेले सूर नाहीत. तार, हॅमर, साउंडबोर्ड यांचं गणित करून आवाज त्या क्षणी तयार होतो. त्यामुळे हॅमरचं फेल्ट किती कडक, तारेवर ठोका कुठे पडतो, डॅम्पर किती लवकर आवाज खातो, शेजारच्या तारा किती गुणगुणतात, हे सगळं हातात येतं, आणि वरच्या आवृत्तीत तर एकेका सुरासाठी वेगळं. हॅमर कडक केले, पण बेतानं. जास्त केले की सूर पत्र्यासारखा वाजतो. डॅम्पर झटपट केला. सहकंपन बरंच उतरवलं. पट्टी सुटताना होणारी बारीक टकटक मात्र वाढवली, कारण रेकॉर्डवर ती आहे.

टचसाठी धोबीतलावला जाऊन चार कीबोर्ड वाजवून पाहिले आणि त्यातला वजनदार पट्ट्यांचा एक भाड्यानं आणला. पण सीडी ३१८ हलका होता आणि हा जड. वजन काही कमी होईना, मग व्हेलॉसिटीचा, म्हणजे किती दाबाला किती जोर धरायचा याचा, वक्र बदलला. कीबोर्ड कॉम्प्युटरशी बोलतो त्या मिडीच्या भाषेत जोर १ ते १२७ मोजतात. हलक्या दाबालाच आकडा साठपर्यंत चढेल आणि पुढे नव्वदपर्यंत अगदी सावकाश जाईल, असं केलं. लगेच बोटं मोकळी झाली, दोन्ही हातांचे आवाज वेगळे ऐकू यायला लागले.

बसण्याचंही तेच. गूल्ड वडिलांनी करून दिलेल्या घडीच्या खुर्चीवर बसायचा, जमिनीपासून जेमतेम १४ इंच. कोपर पट्ट्यांच्या खाली, बोटं वरून आपटण्याऐवजी खालून ओढल्यासारखी. मी देवघरातला जुना चौरंग काढला, त्यावर दोन पाट ठेवले, टेपनं मोजून १४ इंच केले. पहिले दोन दिवस खांदे भरून आले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की इतक्या खाली बसून खांद्याचा जोर लावताच येत नाही. जे काही करायचं ते बोटांच्या पेरांनीच. वक्राचे आकडे मग पुन्हा बदलावे लागले.

उचकी सगळ्यात शेवटी घेतली. अंकलना विचारलं होतं, हॅमर दोनदा का लागतो? ठोका मारून परतलेला हॅमर बॅकचेकनं नीट धरला नाही तर तो उसळून पुन्हा तारेला लागतो, आणि हे हळू दाबल्यावर जास्त होतं, असं ते म्हणाले. मी रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: मधल्या सप्तकातले पाच सूर, जोर ठरावीक आकड्याच्या खाली असेल तरच, ६० मिलिसेकंदांनी तोच सूर पुन्हा, एक तृतीयांश जोरानं. ऐकलं तर तोतरं यंत्र. मग अंतर ५० ते ८० मध्ये हलतं ठेवलं, पाचही सुरांचं प्रमाण वेगळं केलं, आणि पट्टी धरून ठेवली असेल तरच उचकी येईल अशी अट घातली. एफ मायनर सिन्फोनिया लावली. तो संथ, दुखरा तुकडा चालू असताना मधल्या एका सुराला उचकी लागली. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "कुणी आठवण काढली गं त्याची?"

खोलीचा प्रश्न लवकर सुटला. गूल्डची रेकॉर्ड झाली तो न्यूयॉर्कचा स्टुडिओ जुन्या चर्चच्या इमारतीत होता, पण गूल्डचा पियानो जवळून टिपलेला, कोरडा. घुमारा नावापुरता दिला.

गूल्ड वाजवताना गुणगुणायचा, ते रेकॉर्डवरही ऐकू येतं. मैत्रिणीला तेही हवं होतं. मी नाही म्हटलं. पियानोचा नाद शोधून उभा करणं वेगळं आणि एका माणसाचा गळा उसना घेणं वेगळं. तिला ते पटलं. पत्रिकेवरही आम्ही 'ग्लेन गूल्ड यांच्या वादनावरून प्रेरित' एवढंच छापलं, वाजवणारी म्हणून माझं नाव दिलं. वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तुकडे, म्हणजे टेक, जोडण्याचा संकोच मात्र मला वाटला नाही. गूल्डनं १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या त्या स्टुडिओसाठीच, आणि टेप कापून उत्तम तेवढं जोडणं हा त्याला वादनाचाच भाग वाटायचा.

सीडी ३१८ पुढे १९७१ मध्ये क्लीव्हलंडहून येताना पडला, आतली लोखंडी प्लेट तडकली, आणि दुरुस्तीनंतरही तो पूर्वीसारखा झाला नाही. आज तो ऑटावाच्या नॅशनल आर्ट्स सेंटरमध्ये आहे. ते वाचलं त्या रात्री मी काहीच वाजवलं नाही.

प्रयोगाच्या आठवडाभर आधी अंकलना घरी बोलावलं. चहा झाला, मी स्पीकर लावले आणि सिन्फोनिया सुरू केली. ते डोळे मिटून, मांडीवर बोटं ठेवून ऐकत होते. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला, मी थांबले.

"मधला ए फ्लॅट दोनदा लागतोय," ते म्हणाले. "बॅकचेक सैल आहे त्याचा. पियानो कुठंय हा? मी शनिवारी येऊन बघतो."