बंड्याच्या घरात पिल्लू

नेरुळ, रविवार

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेले मांजराचे पिल्लू आज घरी आणले आणि शेजारच्या काकूंनी लगेच विचारले, ‘बंड्याचा आजार याला नाही ना लागणार?’ शंका रास्त होती.

आमचा बोका बंड्या याच्या रक्तात एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती दुबळी करणारा विषाणू, आहे. हा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी शोधला. तो एचआयव्हीच्या कुळातला असला, तरी माणसाला त्याची लागण होत नाही. तो लाळेत असतो आणि मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. म्हणून नसबंदी न झालेल्या, हद्दीसाठी झुंजणाऱ्या बोक्यांत तो अधिक आढळतो. आमच्याकडे येण्यापूर्वी बंड्या मासळी बाजारातला दादा होता, त्यामुळे त्याच्या फाटक्या कानाकडे पाहिले की तपासणीच्या निकालाचे मला नवल वाटत नाही. एका ताटलीत खाण्याने किंवा एकमेकांना चाटण्याने लागण होण्याची शक्यता फार थोडी असते. खरी भीती भांडणाची. बंड्याची नसबंदी झालेली आहे आणि स्वभावही निवळला आहे, तरी सध्या पिल्लू आतल्या खोलीतच राहील आणि दोघांची भेट माझ्या देखत होईल.

पिल्लाची तपासणी मात्र आज केली असती, तरी तिच्यावर मी विसंबलो नसतो. नेहमीच्या तपासणीत विषाणू नव्हे, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडे दिसतात आणि ती आईच्या दुधातूनही आलेली असू शकतात. त्यामुळे निकाल पॉझिटिव्ह आला, तरी सहा महिन्यांच्या वयानंतर पुन्हा तपासावे लागते. एवढ्याशा निकालावरून जिवंत प्राण्याला ‘झोपवण्याचा’, म्हणजे दयामरण देण्याचा, सल्ला देणारे लोक मला कधीच पटले नाहीत. बाधित मांजर वर्षानुवर्षे धडधाकट राहू शकते.

लक्ष ठेवावे लागते ते तोंडावर. हिरड्या लाल होणे, लाळ गळणे, भूक असूनही ताटलीपासून मागे सरणे, यातले काहीही दिसले की मी थांबत नाही, कारण दुबळ्या प्रतिकारशक्तीमुळे साधा संसर्गही चिघळतो. वजन नियमित पाहतो, दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे नेतो, बाहेर सोडत नाही आणि कच्चे मांस-मासे देत नाही.

या शेवटच्या नियमावर काकूंचा आक्षेप होता, कारण ताजी मांदेली त्या कौतुकाने आणतात. बऱ्याच चर्चेनंतर तडजोड झाली: मांदेली उकडलेली, बिनमिठाची आणि काटे काढून येतील.