काचा उघड्या ठेवा

धरमपेठेतल्या आमच्या घराला दोन कुलपं लागतात, गेटला एक आणि दाराला एक. गावाला निघालो की किल्ली शेजारच्या काकूंकडे, दूधवाल्याला निरोप, आणि ऑटोत बसल्यावर पुन्हा उतरून कडी ओढून पाहायची. फुटाळा तलावावर फिरायला गेले तरी स्कूटीच्या डिकीत पर्स ठेवत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. नागपुरात वाढलेल्या बाईच्या हाताला ते आपसूक कळतं.

बोनेर बेटावर पोचलो त्या दिवशी भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवरची मुलगी आम्हाला म्हणाली, "समुद्रात डाइव्हला जाताना दारं लॉक करू नका. काचा खाली ठेवा. आत काहीच ठेवू नका." लेकीनं ते डचमधून मराठीत सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, "पुन्हा विचार बाप्पा, उलटं ऐकलं असशील."

उलटं नव्हतं. कुलूप असलं की आत काहीतरी आहे असं चोर धरून चालतो आणि काच फोडतो. उघडी गाडी दिसली तर डोकावतो, काही नाही म्हणून पुढे जातो. आत ठेवलेल्या सामानाची चोरी भाड्याच्या विम्यात येत नाही, फुटलेली काच तुमच्या माथी. मुलगी हे सगळं हसतमुखानं सांगत होती, आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधून निघा म्हणतात तसं.

बोनेर म्हणजे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरवरचं छोटं बेट. 2010 पासून ते नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, व्यवहार मात्र अमेरिकी डॉलरमध्ये. लेक आणि जावई नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतात. मुंबईचा समुद्रही ज्या गावाला रस्त्यानं सात-आठशे किलोमीटर पडतो त्या गावातली मी, वयाच्या 46व्या वर्षी अंदमानात स्वराज द्वीपला स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली पोहण्याचं, ओपन वॉटर हे पहिलं प्रमाणपत्र घेतलं, तेव्हापासून आईला एकदा तरी बोनेरला न्यायचं असं लेकीनं ठरवून टाकलं होतं. ॲमस्टरडॅमहून दहा तासांचं विमान. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की माझे गुडघे सुजले.

मी नारळाची झाडं डोक्यात घेऊन गेले होते. दिसलं मे महिन्यातलं काटोलकडचं माळरान. काटेरी झुडपं, निवडुंगाचीच कुंपणं, शेळ्या, रस्त्यावर मोकाट उभी गाढवं. आणि त्या कोरड्या रानाला अगदी चिकटून तो निळा समुद्र. मला ते बेट पाहताक्षणी आवडलं, आणि अजून आवडतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

बोनेरला बोटीची गरज पडत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेले दगड असतात, त्यावर डाइव्हच्या जागेचं नाव. गाडी लावायची, पिकअपच्या मागच्या रॅकमधून सिलिंडर काढायचा, तिथेच सूट चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. काही मीटर पोहलं की खाली प्रवाळ सुरू. अशा साठाहून जास्त जागा आहेत. बोट नाही, गाइड नाही, तास ठरलेला नाही. एवढं मोकळं मला आयुष्यात फार कमी ठिकाणी वाटलंय.

आणि चोराची सोय नेमकी त्यातच आहे, हे मला उशिरा समजलं. मागे सिलिंडरचा रॅक असलेला पिकअप निर्जन रस्त्यावर उभा दिसला की मालक पाण्यात आहेत हे सांगावं लागत नाही. एक सिलिंडर पन्नास मिनिटं ते तासभर पुरतो. किनाऱ्यावर उभं राहिलं तर बुडबुडे कुठे फुटतायत तेही दिसतं. म्हणजे माणसं किती लांब आहेत आणि किती वेळानं येतील, दोन्ही माहीत. आपल्याकडच्या भुरट्या चोराला एवढं वेळापत्रक कुणी देत नाही.

पहिले चार दिवस जावयांनी नियम काटेकोर पाळला. काचा खाली, दारं उघडी, आत पाण्याच्या बाटल्या आणि जुने टॉवेल. चार दिवस काही झालं नाही. ते चार दिवस एरवी फार सुंदर होते, पण त्यावर लिहायला मी बसलेली नाही.

पाचव्या दिवशी आम्ही दक्षिणेला गेलो. तिकडे मिठागरं आहेत, पाणी गुलाबी, पांढऱ्या मिठाचे डोंगर, लांबवर फ्लेमिंगो. आणि समुद्राकाठी गुलामांसाठी 1850 मध्ये बांधलेल्या दगडी झोपड्या. दार माझ्या कमरेएवढं, वाकून नव्हे तर रांगतच आत जावं लागतं. मिठात राबणारी माणसं आठवडाभर इथे निजायची आणि आठवड्याच्या शेवटी सात तास चालत रिंकोन गावी, आपल्या बायकापोरांकडे जायची. कॅरिबियनमधल्या डच वसाहतींतली गुलामगिरी 1863 मध्ये संपली. मी आत डोकावले. जमिनीवर दोन माणसं जेमतेम पडतील एवढी जागा. बाहेर येऊन बराच वेळ कुणीच बोललं नाही.

तिथून थोड्या अंतरावर आम्ही गाडी लावली. वारा सोसाट्याचा होता, उघड्या खिडकीतून वाळू आत येत होती. आणि माझ्याजवळ त्या दिवशी कापडी पिशवी होती. ती मी खोलीवर ठेवायला हवी होती. तीत माझा वाचायचा चष्मा, डाइव्हची नोंदवही, आणि आईचा स्टीलचा डबा. डब्यात सकाळी केलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या. खाऱ्या पाण्यातून बाहेर आल्यावर मला तिखट काहीतरी लागतंच.

डबा आईनं मला लग्नात दिलेला. झाकणावर इतवारीतल्या भांडेवाल्याकडून मशीननं कोरून घेतलेलं: "आईकडून, 12-5-1994". आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या अक्षरातलं माझ्याकडे काही नाही, ती फारसं लिहीतच नसे. तिनं सांगून लिहवून घेतलेले हे दोन शब्द तेवढे होते.

जावई आणि लेक सूट चढवत होते. मी पिशवी मागच्या सीटखाली सारली, काचा वर केल्या आणि चारही दारांची बटणं दाबली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी उघडायला लावलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

खाली फार छान होतं. वाळूत बागेतल्या गवतासारखे डोलणारे ईल, सापासारखे लांबट मासे, जवळ गेलं की एकेक करून बिळात जाणारे. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तो कुडुमकुडुम आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. वाळूवर एक रिकामा शंख पडलेला होता, मी हात लांबवला आणि मागे घेतला. इथला किनारा भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत सागरी उद्यान आहे, 1979 पासून. आल्या आल्या 40 डॉलर फी भरून नियम ऐकावे लागतात. हातमोजे घालायचे नाहीत, कारण हात झाकले की माणूस बिनधास्त स्पर्श करतो. प्रवाळ नाही, शंख नाही, मेलेलंही काही उचलायचं नाही. मला ते इतकं पटलं होतं की त्या शंखाकडे पाहून मला बरंच वाटलं, राहू दे त्याचा तो.

बावन्न मिनिटांनी वर आलो. गाडीपाशी पोचेपर्यंत मला काही दिसलं नाही. मग पायाखाली कच्च आवाज आला.

मागच्या दाराची काच फुटून पूर्ण खाली. पिशवी नाही. रॅकमधले दोन भरलेले सिलिंडर जागच्या जागी.

जावयांनी दाराच्या बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "आई, तुम्हाला कुठे लागलं तर नाही ना?" लेक मात्र म्हणाली, "आई, काहून लॉक केलंस गं?" मला लेकीचं बरं वाटलं. जावयांचं ते समजून घेणं सोसवेना.

मी ओल्या सूटमध्ये रस्त्याकडेची झुडपं धुंडाळू लागले. चष्मा गेला, वही गेली, चालेल. डबा कुणाच्या काय कामाचा? पुऱ्या खाऊन फेकला असेल इथेच कुठेतरी, असं मला वाटत होतं. निवडुंगाचे काटे घोट्यात शिरले. तेवढ्यात एक जुना पिकअप येऊन थांबला. साठीचा माणूस उतरला, उन्हानं रापलेला, हातात काही तरी लांब. मी दोन पावलं मागे झाले आणि लेकीला हाक मारली. त्याच्या हातात खराटा होता.

आम्हाला काही न विचारता तो काचा झाडू लागला. लेकीनं डचमध्ये विचारलं तर म्हणाला, गाढवं रात्री इथून जातात, त्यांच्या खुरात काच शिरते. गाडीत खराटा कायमचा ठेवलाय म्हणाला. रस्त्याकडची गोळा करून झाल्यावर त्यानं सीटवरचे तुकडेही हातानं वेचले, माझ्यासाठी जागा पुसून दिली. काय गेलं म्हणून विचारलं. लेकीनं डब्याचं सांगितलं, त्यावरचे शब्दही सांगितले. त्यानं मान हलवली आणि आमच्याबरोबर अर्धा तास ती झुडपं शोधली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, वाकून. मिळालं नाही. मी "दांकी" म्हटलं, पापियामेंतु भाषेत धन्यवाद. तेवढा एकच शब्द येत होता मला. त्याला पाहून मी मागे सरकले होते ते त्यानं पाहिलं असणार. त्याची मला आजही लाज वाटते.

तक्रार नोंदवली, कागद मिळाला. काचेचे 240 डॉलर अनामत रकमेतून गेले. ते मी जावयांना घ्यायला लावले, पुष्कळ वाद घालून.

काउंटरवर गाडी दाखवली तेव्हा तिथली माणसं वाईट वागली नाहीत. पण "लॉक केली होती का?" एवढाच प्रश्न आला. हो म्हटल्यावर सगळ्यांना सगळं समजलं, विषय संपला. माझा राग तिथे आहे. चोरावरही आहे, पण त्याहून जास्त तिथे. जिथे रिकामा शंख उचलला तर गुन्हा, पाण्याखालच्या प्रत्येक फांदीची काळजी, तिथे किनाऱ्यावरच्या माणसाची पिशवी जाणं हे वाऱ्यासारखं, उन्हासारखं धरून चाललेलं. पाहुण्यानं आपलं जपायचं म्हणजे काही आणायचंच नाही. चष्मा नाही, डबा नाही, आईचं काही नाही. उघड्या गाडीसारखं रिकामं यायचं. आणि ज्यानं कुलूप लावलं त्यानंच कुणाला तरी खुणावलं, असा हिशेब. मला हा हिशेब मान्य नाही. नागपुरातही डिक्या फोडतात, लग्नाच्या हॉलबाहेर गाडीच्या काचा फोडून बॅगा नेतात. पण आपल्याकडे अजून लोक त्यावर चिडतात, पेपरात छापून येतं, मोहल्ल्यातली चार माणसं जमतात. चिडण्याची सवय सुटू नये असं मला फार वाटतं.

उरलेल्या तीन दिवसांत मी चार डाइव्ह केल्या. काचा खाली, दारं उघडी.

परत आल्यावर इतवारीत गेले. तसाच डबा मिळाला, पूर्वीपेक्षा पातळ पत्र्याचा. दुकानातल्या मुलानं मशीन हातात घेऊन विचारलं, "काय लिहू, काकू?" मी म्हटलं, राहू दे. तो तसाच कोरा वापरते.

गेल्या आठवड्यात पोहण्याच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिचा मुलगा बोनेरला चाललाय, नवी नवरी घेऊन, डाइव्हिंगला. काही सूचना असतील तर सांगा म्हणाली. मी म्हटलं, "सांग त्याला, दारं लॉक करू नको. काचा उघड्या ठेव. आत काहीच ठेवू नको."

पलीकडून ती म्हणाली, "पुन्हा सांगा ना, उलटं ऐकलं बहुतेक."

मी पुन्हा तेच सांगितलं.