ऊसतोडीला गेलेली लेकरं आणि मास्तरांचे व्हॉट्सॲप ग्रुप

माझ्या फोनमध्ये शाळेचे म्हणून जेवढे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत त्यातले निम्मे वरून आलेले आणि निम्मे आम्ही मास्तर लोकांनी आपले आपण काढलेले. वरून आलेले म्हणजे केंद्राचा, बीटाचा (केंद्र, बीट म्हणजे आसपासच्या शाळांचे गट), तालुक्याचा, पोषण आहाराचा, शाळेची आकडेवारी भरायच्या यू-डायसचा. तिथं एकच भाषा चालते, "सदर माहिती आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी मुख्याध्यापकाची राहील", आणि खाली अंगठ्यांची रांग. माहिती गोळा करायला ठीकय, पण याला कोणी शिक्षकांचं सहकार्य म्हणत असेल तर म्हणो बापडे. सप्टेंबर २०२४ ला शिक्षकांचं राज्यभर आंदोलन झालं, तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांत शिक्षक निषेध म्हणून प्रशासनाच्या ग्रुपमधून लेफ्ट झाले होते, आणि खरं सांगू का, त्या दिवसांत शिकवायला इतका वेळ मिळाला की बस.

आपले आपण काढलेले ग्रुप वेगळे. त्यांना खरा जोर आला २०१५ नंतर, सरकारच्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा जीआर जूनमध्ये निघाला आणि जो तो साताऱ्याजवळच्या कुमठे बीटाचं नाव घ्यायला लागला. मास्तर लोक जीप करून तिकडं शाळा बघायला जायचे, ज्यांना जमलं नाही त्यांना व्हिडिओ यायचे, फरशीवर आखलेले तक्ते, काड्यांचे गठ्ठे, दशक सुटा करून वजाबाकी करणारी दुसरीची पोरं. २०१६ ला ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ झाली तेव्हा आमच्यात दिवाळीच! आता १०२४ लोक बसतात, पण हजार माणसांच्या ग्रुपात सुप्रभात, वाढदिवस आणि कोणाच्या तरी यूट्यूब चॅनलची लिंक याशिवाय काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कामाचे ग्रुप तीस-चाळीस जणांचे असतात, जिथं माणूस बिनधास्त लिहू शकतो की माझ्या वर्गाला हातच्याची वजाबाकी जमत नाहीये, काय करू. आमची शाळा दोन शिक्षकी, चार वर्ग. दुसरे सर मीटिंगला नाहीतर बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामाला गेले की शाळेत बोलायला मोठं माणूस म्हणून फक्त खिचडीवाल्या ताई. त्यामुळे आमची स्टाफरूम काय ती फोनमध्येच.

२०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं एकवीसला वीस एक, बावीसला वीस दोन असं संख्यावाचन आणलं तेव्हा बाहेर नुसते जोक चालले होते, आणि आमच्या ग्रुपात मात्र कोणाच्या वर्गात किती पोरं छत्तीसला त्रेसष्ट लिहितात यावर रात्री अकरापर्यंत चर्चा. पटलं सगळ्यांना असं नाही, पण निदान वर्गातलं बोलणं तरी झालं.

आता मूळ मुद्दा. आमच्या बीड भागातनं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल, आणि घरी आजी-आजोबा सांभाळणारे नसतील तर लेकरं पण गाडीत. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर काही थांबतात, पण ते वेळेवर सुरू होईल याचा भरवसा नाही, आणि तिसरी-चौथीतल्या पोरी तर हमखास जातात कारण कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकटं भावंड सांभाळायला कोणीतरी लागतं. सरकारनं यासाठी शिक्षण हमी पत्रक काढलंय, लेकरू कितवीत, काय येतं, हे लिहून द्यायचं आणि जिथं जाईल तिथल्या शाळेनं बसवून घ्यायचं. आरटीईनं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानं, पण वर्षात केव्हाही प्रवेश नाकारता येत नाही. कागद चांगलाय, पण तो पेटीच्या तळाला जातो आणि आईबाप पहाटे चारला उसाच्या फडात, ते शाळा कधी शोधणार?

इथं ग्रुप कामाला आला. आमचे बीड-जालन्याकडचे काही जण आणि तिकडं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचे काही जण, एक सर तर निपाणीकडच्या मराठी शाळेतले, असं मिळून एक ग्रुप झाला. कुठल्या तरी प्रशिक्षणात दोघांची ओळख झाली होती, त्यांनी आपापल्या मित्रांना ॲड केलं, जीआर नाही, अध्यक्ष नाही. आम्ही इकडनं कळवायचं, तिकडच्यांनी शोधायचं. गावाचं नाव सांगून उपयोग नसतो हे लवकरच कळलं, कारण ट्रॅक्टर-ट्रकवाली टोळी फड संपला की हलते. बैलगाडीवाली शक्यतो कारखान्याच्या जवळच राहते. म्हणून आता मुकादम कोण, कारखाना कोणता आणि गाडी कसली एवढं विचारून ठेवतो. तिकडचे सर-मॅडम संध्याकाळी मोटरसायकलवर कोप्यांकडं चक्कर मारतात. दरवेळी सापडतातच असं नाही, आणि सापडलं तरी बाप म्हणतो की पोरगी शाळेत गेली तर बारकं कोण बघणार.

पण जेव्हा जमतं तेव्हा फार भारी जमतं. मागच्या हंगामात कोल्हापूरकडच्या शिरोळच्या एका मॅडमनी आमच्या दुसरीतल्या पोरीचा वाचतानाचा ऑडिओ पाठवला आणि विचारलं, "सर, ही जोडाक्षराला अडते, तुम्ही कुठपर्यंत आणलं होतं?" मी सांगितलं, त्यांनी तिथून पुढं घेतलं, मार्चमध्ये पोरगी परत आली तेव्हा मला पहिल्यापासून गिरवावं लागलं नाही. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी स्काईपवरून परदेशातल्या शाळा जोडल्या, २०२० ला ग्लोबल टीचर प्राईज मिळालं, आमचं जोडणं आपलं बीड ते शिरोळ.

भानगडी पण आहेत. पोरांचे फोटो. कोणीतरी उत्साहात "शाळाबाह्य मूल प्रवाहात" असा बॅनर करून टाकतं, त्यात लेकराचं पूर्ण नाव, बापाचा मोबाईल नंबर, आणि लेकरापेक्षा सरांचाच फोटो मोठा. म्हणून ठरवलंय की ग्रुपवर फक्त कारखाना आणि इयत्ता, बाकी सगळं पर्सनलला.

दुसरी भानगड जास्त अवघड आहे, पटाची, म्हणजे शाळेत नोंदलेल्या पोरांच्या संख्येची. लेकरू तिकडं दाखवलं तर इकडचा पट घटतो, पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद जातं, म्हणून काही मास्तर गप्प बसतात, कागदावर पोरगं आपल्याकडंच हजर. तिकडच्या शाळेला पण जास्तीची पुस्तकं नाहीत, खिचडीचा हिशोब कसा लावायचा कळत नाही. यावर ग्रुपात कितीही चर्चा करा, ते आमच्या हातातलं नाही, तिथं वरून आलेल्या ग्रुपवाल्यांनीच काहीतरी करायला पाहिजे आणि ते तर दुपारी दोनची वाट बघत बसलेत.

दसरा झाला की आम्ही घरोघर फिरून जाणाऱ्या लेकरांची यादी करतो. ज्यांच्या शाळेजवळ टोळ्या उतरतात, विशेषतः कर्नाटकच्या सीमेवरचे शिक्षक, त्यांनी मला मेसेज करा, ग्रुपात घेतो. तिकडं आमची माणसं फारच कमी आहेत. सुप्रभात टाकणारे नकोत.