समोरची गिरणी आणि कुलूपबंद गच्ची

नाशिकला सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या आतल्या गल्लीत माझी गिरणी आहे, बारा वर्षं झाली. मागच्या मार्चात, नेमकं मसाल्याच्या सीझनला, समोर नवी गिरणी उघडली. स्टीलची मशीन, रंगीत बोर्ड आणि त्यावर ‘मिरची कांडप 50 रुपये किलो’. माझा दर 60. त्याच संध्याकाळी मी पाटीवर 60 पुसून 45 लिहिले. ह्यांनी एवढंच विचारलं, “हिशेब केलास?” नव्हता केला. वीजबिल, हाताखालच्या पोराचा पगार आणि भाडं वजा केल्यावर महिनाअखेरीला कळलं की किलोमागे चार रुपये सुटतायत. तोवर समोरच्याने 42 केले होते.

मुलगी बीबीएला आहे. तिने मला मायकेल पोर्टर नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकाने 1979 मध्ये मांडलेला तक्ता काढून दिला. धंद्यावर पाच बाजूंनी दाब असतो: आपल्यासारखेच दुकानदार, नव्याने येणारे, गिऱ्हाईक, माल देणारे आणि पर्यायी वस्तू. मी पहिल्या दोन्ही खान्यांत समोरच्याचं नाव लिहिलं. पर्यायाचा खाना रिकामाच सोडला. घरच्या मसाल्याला कसला आलाय पर्याय!

तो खाना एका मुलीने भरला. पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमधली, नवीन लग्न झालेली. आठवड्यापूर्वी ती दोन किलो मिरची घेऊन आली होती. मी मूठभर हातात घेऊन दाबली तर ती लवली, मोडली नाही. ओलसर मिरची कांडपात चिकटते, गोळे होतात आणि तो मसाला पावसाळ्यात जाळी धरतो. म्हणून मी तिला कडक वाळवून आणायला सांगितलं होतं. ती आलीच नाही. मग एकदा किराणा दुकानात भेटली, हातात तयार मसाल्याचं पाकीट. जरा ओशाळली.

“काकू, वाळवू कुठे? सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं.”

घरी येऊन मी वही काढली. दोन वर्षांत जी गिऱ्हाइकं तुटली, त्यातली ओळखीची अकरा घरं आठवली. समोर गेलेली फक्त तीन. बाकीची सिडकोतली जुनी घरं विकून फ्लॅटमध्ये गेलेली किंवा सुनेच्या नोकरीमुळे पाकिटावर आलेली. आणि मी भांडत बसले होते कोणाशी, तर पन्नासच्या बोर्डाशी.

यंदा शेजारच्या घराची गच्ची भाड्याने घेतली. रविवार कारंज्यावरच्या ठोक व्यापाऱ्याकडून गिऱ्हाइकांसाठी ब्याडगी आणि लवंगी मिरची आणते. देठ काढायला दोन बायका. कांदा-खोबरं भाजण्यापासून काळ्या मसाल्याचं सगळं आम्हीच करतो. किलोला 60 नाही, सगळं मिळून वेगळा दर, आणि तो समोरच्यापेक्षा बराच जास्त. गव्हाचं दळण मार्च ते मे बंद. ते समोरच जातं, जाऊ दे. एका वेळी दोन्ही करायला माझ्याकडे हातच नाहीत.

खरी डोकेदुखी वजनाची. दहा किलो ब्याडगी देठ काढून, वाळून साडेआठच्या आसपास भरते. गिऱ्हाइकाला वाटतं, दीड किलो आम्ही मारली. आता काटा तीनदा होतो: आणल्यावर, देठ काढल्यावर आणि कांडून झाल्यावर. तिन्ही वेळा काट्याचा फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपवर. देठांची पिशवीसुद्धा बाजूला ठेवते, बघायची तर बघा. हे सुरू केल्यापासून भांडणं जवळपास थांबली. एक आजी मात्र अजून देठ घरी घेऊन जातात. कशासाठी, ते मी विचारलेलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अवकाळीने गाठलं. चार घरांची मिरची भिजली आणि मी ती पदरच्या पैशाने भरून दिली. त्या महिन्यात नफ्यातलं फारसं काही उरलं नाही. आता दिवसाला सहाच घरांचा माल घेते आणि ताडपत्री गच्चीवरच ठेवते.

गच्चीवाल्या भाऊंनी परवा सहज विचारल्यासारखं विचारलं, “वहिनी, यंदा बरं चाललंय ना?” म्हणजे भाडं वाढणार. मुलगी हसून म्हणाली, आई, माल देणाऱ्यांचा खाना. शनिवारी स्टॅम्पपेपर घेऊन जातेय, दोन वर्षांचा कागद करायला.