किडकं सफरचंद, दर्शनी बाजूला

फळवाल्याच्या गाडीवर सफरचंदं कशी मांडलेली असतात? लालबुंद बाजू गिऱ्हाइकाकडे, डाग मागे. आपण एकेक फळ फिरवून बघायला लागलो की तो वैतागतो, "ताई, सगळा माल एकसारखाच आहे!"

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोनं नेमकं उलटं केलंय. मिलानच्या आम्ब्रोसियाना संग्रहालयात त्याचं टोपलीभर फळांचं तैलचित्र आहे. १६०० सालाच्या आगेमागे काढलेलं, साधारण दीड बाय दोन फुटांचं. वेताच्या टोपलीत सफरचंद, नासपती, पीच, अंजिरं, हिरवी-काळी द्राक्षं. आणि ऐन समोर, कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही अशा जागी, सफरचंदाला किडीनं पाडलेलं भोक! ते फळ जरा फिरवून ठेवायला असा कितीसा वेळ लागला असता?

पानांची तीच तऱ्हा. कुठे करपल्याचे ठिपके, कुठे कडा कुरतडलेल्या. डावीकडच्या पानांत अजून जीव आहे, उजवीकडची सुकून, काळी पडून लोंबतायत. एकाच टोपलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना, दोन-चार दिवस उलटून गेल्यासारखे वाटतात. मागे ना खिडकी, ना पडदा. नुसता फिकट पिवळसर रंग. टोपली तर कडेच्या इतकी पुढे आलीय की हात घालून आत सरकवावीशी वाटते.

आमच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या स्थिरचित्रात पितळी तांब्या, कापडाच्या चुण्या आणि एखाद-दुसरं फळ असायचं. फळावर डाग असला तरी कागदावर ते निर्मळच उतरायचं. डाग काढला तर मार्क जातील, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण होती.

काराव्हाज्जोच्या काळी फळाफुलांची चित्रं म्हणजे दुय्यम काम. मोठा चित्रकार तो, जो संत आणि देवदूत रंगवतो. रोममध्ये नवखा असताना काराव्हाज्जोला दुसऱ्याच्या चित्रशाळेत फळंफुलंच रंगवायला बसवलं होतं. पण फुलांचं चांगलं चित्र काढायला माणसांच्या चित्राइतकीच मेहनत पडते, असं तो म्हणे. त्याचा आश्रयदाता जुस्तिनियानी यानं हे एका पत्रात लिहून ठेवलंय. मेहनतीचं सोडा, मला तर त्याच्या बऱ्याच देवदूतांपेक्षा हे सफरचंद जास्त खरं वाटतं. पुढे १९९४ साली इटलीनं एक लाख लिरांच्या नोटेवर पुढे काराव्हाज्जो आणि मागे ही टोपली छापली. दुय्यम कामाला एवढा भाव आला!

चित्राचे पहिले माहीत असलेले मालक कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ, मिलानचे आर्चबिशप. १६१८ साली त्यांनी आपला चित्रसंग्रह आम्ब्रोसियानाला देऊन टाकला, त्यात ही टोपलीही होती. १६२५ साली त्यांनी लिहिलंय, की हिच्याशेजारी अशीच आणखी एक टोपली लावायची त्यांची फार इच्छा होती. पण हिच्या तोडीची दुसरी मिळेना, म्हणून ही एकटीच राहिली. मला वाटतं, बाकीच्या टोपल्यांतली फळं फारच चांगली निघाली असणार.