झांझिबारला तारब ऐकायला

झांझिबारला लोक समुद्रासाठी जातात. नुंग्वीची पांढरी वाळू, मसाल्यांच्या बागा, संध्याकाळी फोरोधानीच्या बागेत आलं-लिंबू घातलेला उसाचा रस. मैत्रीण आणि मी, आम्हीही हे सगळं केलं. पण माझा डोळा होता तारबवर, म्हणजे तिथल्या अरबी ढंगाच्या गाण्यावर. सिती बिंती साद जे गायची ते गाणं आज तिथे कोण गातं आणि कसं गातं, एवढ्यासाठी मी दार-ए-सलामहून फेरीबोटीत बसले होते.

सितीबद्दल आधी सांगायला हवं. 1880 च्या सुमाराला झांझिबारच्या उंगुजा बेटावरच्या फुंबा गावात, कुंभारकाम करणाऱ्या गरीब घरात ती जन्मली. मडकी विकायला शहरात यायची आणि गल्लीगल्लीत आरोळी द्यायची. तिचा गळा त्या आरोळीनंच तयार झाला, असं तिथे सांगतात. 1911 मध्ये ती शहरात राहायलाच आली. तोवर तारब म्हणजे सुलतानाच्या वाड्यातलं गाणं. बर्घश नावाच्या सुलतानाला (कारकीर्द 1870 ते 1888) कैरोच्या संगीताचा भारी शौक. त्यानं तिथून वादक बोलावले आणि आपल्या एका माणसाला कानून नावाचं तंतुवाद्य शिकायला इजिप्तला धाडलं, अशी कथा आहे. हे गाणं अरबीत असायचं आणि पुरुष गायचे. सितीनं ते तिथल्या लोकांच्या स्वाहिली भाषेत आणलं, म्हणजे बाजारात आणलं. न्याय विकला गेला, नवऱ्यानं फसवलं, साहेबानं नाडलं, सगळं तिच्या गाण्यांत आलं.

आणि मग 1928 मध्ये ही बाई आपल्या वादकांना घेऊन बोटीनं कुठे गेली? मुंबईला! एचएमव्हीसाठी तिनं तिथे स्वाहिलीत गाणी मुद्रित केली. पूर्व आफ्रिकेतल्या बाईचा आवाज तबकडीवर आला तो असा, आपल्या मुंबईत. आपली नाट्यपदं ज्या कंपनीच्या तबकड्यांवर घराघरात पोचली, तीच ही कंपनी. हे मला कळलं तेव्हापासून झांझिबार डोक्यात होतं.

आता अशा गाण्यांना लावतात त्या ‘वर्ल्ड म्युझिक’ या लेबलाविषयी. 1987 मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली आणि दुकानातल्या कुठल्याच खणात न बसणाऱ्या संगीतासाठी त्यांनी हे नाव पक्कं केलं. दुकानदाराची सोय म्हणून ठीकच आहे. पण स्टोन टाउनमध्ये, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहरात, चार पावलं चाललं की हे लेबल फार तोकडं वाटायला लागतं. दारांवर पितळेचे टोकदार खिळे गुजराती धर्तीचे, चौकटीवर कोरलेलं अरबी, खालच्या ओट्यावर बाओचा पट मांडून खेळणारे स्वाहिली म्हातारे. जेवायला ‘उरोजो’ मागवा: आंबटसर पिवळ्या रश्श्यात भजी, उकडलेला बटाटा, वरून कसाव्याचा कुरकुरीत चुरा. मोसमी वाऱ्यांवर ढाऊ गलबतं ये-जा करत होती तोवर इथे सगळंच मिसळत राहिलं. गाणं तेवढं वेगळं कसं राहील?

किनाऱ्यावरच्या जुन्या कस्टम हाउसात ढाऊ कंट्रीज म्युझिक अकॅडमी ही शाळा होती. वरच्या मजल्यावर एक शिक्षक कानून मांडीवर घेऊन बसले होते. कानून म्हणजे स्वरमंडलाचा थोरला भाऊ. सत्तरच्या वर तारा, एकेका स्वराला तीन-तीन. दोन्ही हातांच्या तर्जनीत अंगठ्या, त्यांत अडकवलेल्या नख्या. पण माझी नजर खिळली ती डाव्या कडेच्या पितळी खिट्ट्यांवर. गाणं चालू असतानाच ते मधेच डाव्या हातानं एखादी खिट्टी वर करत, किंचित, आणि स्वर पाव पायरीनं सरकत असे. उजव्या हाताला त्याची वार्ताही नाही.

मी त्यांना हिजाज वाजवायला सांगितलं. आपल्याकडे राग, तसा त्यांच्याकडचा हा मकाम. सुरुवातीचे चार स्वर आले आणि मी म्हटलं, हा तर आपला भैरव! कोमल रिषभ, त्याला लागून शुद्ध गंधार. मग वर कोमल निषाद आला आणि भैरव मोडला. हा आपला बसंत मुखारी, जुने लोक ज्याला हिजाजच म्हणत. मी गुणगुणून दाखवला तर मास्तर हसले, म्हणाले, “तुम्ही लोक इतकं हळू का गाता?” नंतर त्यांनी बयाती हा दुसरा मकाम ऐकवला. त्यातला दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी बसतो. आपल्या पेटीवर तो नाहीच. अ‍ॅकॉर्डियनवरही नाही, आणि तारबच्या ताफ्यात अ‍ॅकॉर्डियन तर हवंच. मग काय करता? “व्हायोलिन आणि ऊद (पडदे नसलेलं अरबी तंतुवाद्य) तो स्वर घेतात. बाकीचे गप्प बसतात किंवा ढकलतात.” हे ‘ढकलतात’ मला फार आवडलं. सगळ्या मिश्र संगीताचा कारभार असाच चालत असणार.

त्यांच्याकडूनच केनियातल्या मोंबासाची गोष्ट कळली. तिकडच्या तारबमध्ये हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द बांधायची मोठी परंपरा आहे. जुमा भालो हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. आणि तिथे ‘ताइशोकोटो’ नावाचं वाद्य वाजतं. फोनवर फोटो दाखवला तर काय, टाइपरायटरसारख्या कळांचं आपलं बुलबुल तरंग! 1912 मध्ये जपानमधल्या नागोयात हे वाद्य निघालं, तिथून हिंदी महासागरभर फिरलं. गिरगाव-लालबागच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी ज्याच्यावर कोळीगीतं वाजवते तेच हे, आणि मोंबासाच्या लग्नातही तेच. आपण त्याला कधी वर्ल्ड म्युझिक म्हटलं नाही. म्हणायला कुणाची हरकत आहे?

संध्याकाळी शहरातल्या वुगा भागात कल्चर म्युझिकल क्लबच्या तालमीला गेलो. 1958 पासूनचा हा ताफा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, रांगेत व्हायोलिनवाले, मागे डबल बास, दुंबक आणि बाँगो हे ढोल. वादकांतला कुणी दिवसा सरकारी कचेरीत, कुणी बंदरावर. रोजच्या पोटापाण्यानंतरचं गाणं म्हणून तालमीला एक निवांतपणा होता. वाद्यांची प्रस्तावना लांबच लांब, मग गायिकेचं एक कडवं, पुन्हा तीच चाल व्हायोलिनवर. घाई कुणालाच नाही.

खरं तारब मात्र लग्नात बघावं. आमच्या लॉजच्या मालकीणबाईंनी ओळखीच्या घरी नेलं. सगळ्या बायका, अत्तराचा घमघमाट, प्रत्येकीच्या अंगावर कांगा, म्हणजे म्हणी छापलेलं रंगीत कापड. गाणं सुरू झालं की एकेक बाई उठते, हातात नोट उंच धरून, अगदी सावकाश डुलत गायिकेपर्यंत जाते, नोट तिच्या हातात ठेवते आणि तशीच डुलत परत येते. मला आधी वाटलं, ही आपली दौलतजादा. पण मालकीणबाई कानात म्हणाल्या, “कुठल्या ओळीला उठली ते बघ.” गाणारी म्हणत होती, दुसऱ्याच्या विहिरीवर डोळा ठेवणारीची घागर फुटते, असं काहीसं. नोटवाली परत येताना कोपऱ्यातल्या एकीकडे बघत होती. ती कोपऱ्यातली पुढच्या कडव्याला उठली, दुप्पट मोठी नोट घेऊन. सगळा मांडव खिदळला. पुढारलेल्या, कीबोर्डवाल्या तारबमध्ये हे टोमणे उघडच असतात. जुन्या तारबमध्ये ते नुसते सुचवलेले असतात, आणि मला त्यातच जास्त मजा आली.

याच गाण्यांचा गावठी अवतार म्हणजे किदुंबक. एक व्हायोलिन, मातीचे दोन छोटे ढोल, नारळाच्या करवंट्यांचे खुळखुळे आणि ‘संदुकू’: चहाचं लाकडी खोकं, त्याला एक काठी, काठीला एक दोरी. काठी ताणली की आवाज चढतो, सैल सोडली की उतरतो. डबल बास परवडत नाही ना, मग हा. नाचायला याच्यासारखं दुसरं नाही.

फेब्रुवारीत ओमानी अरबांनी बांधलेल्या जुन्या किल्ल्यात सौती झा बुसारा हा महोत्सव भरतो. 2004 पासून चालू आहे. पैशांअभावी 2016 चा झाला नाही, एरवी आफ्रिकाभरातले ताफे येतात. तिथे ऐकलेल्यात चांगलं-वाईट दोन्ही होतं. विमानतळावर ओळख होऊन दुसऱ्या दिवशी मंचावर चढलेल्यांचं फ्यूजन लगेच कळतं. प्रत्येक जण आपापलं वाजवतो आणि शेवटी सगळे मिळून वेग वाढवतात. टाळ्या पडतात, लक्षात काही राहत नाही. ऊद वाजवत गाणारी सिती अमिना आणि तिचा ‘सिती अँड द बँड’ हा ताफा रेकॉर्डवर ऐकला तेव्हा फरक जाणवला. बास गिटार, ड्रम्स सगळं आहे, पण ठेका बेटावरचाच. सिती बिंती सादची पणती सिती मुहर्रम हिचा 2020 मध्ये निघालेला आल्बमही जरूर ऐका. पणजीचीच गाणी, अवतीभवती नवी इलेक्ट्रॉनिक कारागिरी, पण आवाजाला कुणी धक्का लावलेला नाही.

शहरात गर्दी मात्र असते फ्रेडी मर्क्युरीच्या घरापुढे. पारशी घरातला हा पोरगा 1946 मध्ये इथे जन्मला आणि शाळेला आपल्या पाचगणीला होता. फोटो काढणाऱ्यांत मीही होतेच.

जाणार असाल तर एवढंच: तालमीला बिनधास्त जा, पण आधी दाराशी विचारून. किल्ल्यातल्या कार्यक्रमाला अंगभर कपडे घाला, गाव मुस्लिम आहे. आणि लग्नाचं बोलावणं आलं तर शिलिंगच्या सुट्या नोटा जवळ ठेवा, शिवाय कुठल्या ओळीला उठायचं ते शेजारणीला विचारूनच उठा.