कार्तिकीपर्यंत

दुपारी तीनला ऑफिसात चहा येतो. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी परवा कप तसाच पुढे सारला. "माझा नको. सोडलाय."

"कायमचा?"

"छे हो! कार्तिकीपर्यंत." आणि कपाळाला बाम चोळत त्या पुन्हा कामाला लागल्या.

डोकं दुखणारच. चहा तोडला की 12 ते 24 तासांत कॅफिन वसुलीला येतं आणि कधी कधी आठवडाभर उंबरा सोडत नाही. पण मला आवडलं ते त्यांचं 'कार्तिकीपर्यंत'. 'कायमचं बंद' असं कुणी बजावलं, की माणूस आधी टपरी गाठतो. चातुर्मासाला मात्र मुदत असते. आषाढी ते कार्तिकी दात-ओठ खाऊन काढायची, मग आपण मोकळे. मुदत कधी वाढते, ती गोष्ट वेगळी. 2023 साली अधिक श्रावण आला आणि चाराचे पाच महिने झाले. वांगं सोडून बसलेल्या आमच्या काकांनी तेव्हा पंचांगाबद्दल जे उद्गार काढले ते इथे लिहिता येणार नाहीत.

शिवाय सोडण्याआधी खाऊन घ्यायचीही सोय आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, वर तोंडी लावायला कच्चा कांदा. ज्यांचा नेम श्रावणापासून आणि वेगळ्या जिनसांचा, त्यांच्यासाठी आषाढाची अवस असतेच. तिचं चालू नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

माझा राग आहे तो नावडतं सोडणाऱ्यांवर. काशीला जाऊन आवडीचा पदार्थ सोडायचा असतो. आमच्या नात्यातले एकजण दुधीभोपळा सोडून आले! आणि तो त्याग दर पंगतीत ऐकवतात.

आजीचा कारभार त्याहून सरस होता. तिची एकादशी निर्जळी असायची, घोटभर पाणीसुद्धा नाही. पण सकाळी मागच्या दारी मिश्री लावल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. मिश्री घरीच व्हायची. लोखंडी तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, खलबत्त्यात कुटायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळून पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायची. भाजणं चालू असताना सगळं घर ठसकत बाहेर पळायचं. ती मात्र पदर नाकाला लावून तव्यापाशी ठाम. मिश्री लावताना तोंड उघडता येत नाही, म्हणून सगळे हुकूम भुवयांनी सुटत. एक भुवई वर गेली की बंब पेटवायचा, दोन्ही गेल्या की आमच्यातल्या कुणाची तरी शंभरी भरली.

एका एकादशीला मी विचारलंच, "आजी, उपासाला मिश्री चालते?"

पिंक टाकून, तोंड पुसून ती म्हणाली, "मी ती गिळते होय रे?"

आता कायदे झालेत. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. टपरीवर चौकशी करून बघा.

आमच्या सोसायटीचे वॉचमन मामा माळकरी. माळ घातली त्या दिवसापासून मटण आणि दारू बंद. मागे वळून पाहिलं नाही. तंबाखूचं विचारलं तर म्हणायचे, "माळेचं आणि तिचं भांडण नाही." त्यांच्या खिशात ती दोन तोंडांची डबी असते, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. डबी हल्ली रिकामी आहे. तरी बोलता बोलता ते ती उघडतात, बघतात, मिटवतात. मग डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरत राहतो. तळव्यावर काहीच नसतं.

गालाच्या आत पांढरा चट्टा दिसलाय. तपासायला तुकडा काढून नेलाय. रिपोर्ट शुक्रवारी. मुलाला एवढ्यात कळवायचं नाही म्हणाले, आणि मी सोबत येईन का, असं विचारलं. रजा टाकलीय.